पालकांचा हक्क आपल्या पाल्यापुरताच

अमेरिकेतील सरकारी शाळांमधून पुस्तके हद्दपार करण्याच्या मोहिमेचे ‘पालकांचा हक्क’ म्हणून समर्थन करणारा आपल्या अंकातील लेख वाचला. त्यातील मुख्य प्रतिपादन पटले नाही. आपल्या पाल्याने अमुक पुस्तक वाचू नये, असे म्हणण्याचा अधिकार पालकांना निश्चितच आहे. परंतु तेच पुस्तक शाळेतून काढून टाकले, की काही पालकांचा निर्णय उरलेल्या सर्वांवर लादला जातो आणि या उरलेल्यांच्या हक्काबद्दल लेखात चकार शब्द नाही.

टेनेसी राज्यातील मॅकमिन काउंटीच्या शिक्षण मंडळाने जानेवारी २०२२ मध्ये ज्यूंच्या वंशसंहारावरील ‘माउस’ हे पुलित्झर सन्मानप्राप्त चित्रमय पुस्तक आठवीच्या अभ्यासक्रमातून एकमताने वगळले, तेव्हा प्रामुख्याने कारण दिले गेले ते काही शिव्यांचे आणि एका नग्न चित्राचे. (छळछावणीच्या कथेत आक्षेपार्ह वाटले ते एवढेच!)

ग्रंथालयांपुरता हा प्रश्न तेथील सर्वोच्च न्यायालयात १९८२ मध्येच आला होता. न्यूयॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज शाळा मंडळाविरुद्ध विद्यार्थ्यांनीच लढवलेल्या त्या खटल्यात, केवळ त्यांतील विचार नापसंत आहेत म्हणून मंडळाला शालेय ग्रंथालयातून पुस्तके काढता येणार नाहीत, असे मत न्यायमूर्ती ब्रेनन यांनी नोंदवले. त्या मताला पूर्ण बहुमत लाभले नाही, हे खरे. तरीही एवढ्या मोठ्या लेखात या खटल्याचा साधा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटले.

– एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा