फॉरेन दाखवतोय ना, मग पैसे कशाला

संपादक महोदय, नमस्कार.

मधे तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या शूटिंगवर लेख आला होता, बर्फातले फोटोबिटो टाकून, आणि त्यात युनिटमधल्या लोकांचीही फुकटात परदेशवारी होऊन जाते अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं. आईने पेपर माझ्या ताटाशेजारी आणून ठेवला आणि म्हणाली, बघ, तुझंच छापून आलंय. मी कॉस्च्युम असिस्टंट आहे, राहायला वर्तकनगरला, या लाइनमध्ये अकरा वर्षं झाली, फॉरेन आउटडोअर तीन केलेत. त्यातल्या एकाचंच सांगते, बाकीचे दोन उन्नीस-बीस तसेच.

2024 ची दिवाळी, लंडन. तिकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे सगळी घड्याळं एक तास मागे करतात, त्या वर्षी ती 27 तारीख आली. आमचा कॉल टाइम, म्हणजे कामावर हजर व्हायची वेळ, पाचचा. मोबाइल आपलाआपण बदलतो पण आमच्या ड्रेसदादांचा, म्हणजे कपडेपट सांभाळणाऱ्या दादांचा, विश्वास मनगटावरच्या घड्याळावर, त्यामुळे दादा दार वाजवतायत, ताई उठा, गाडी लागली असेल, आणि मी बघते तर पावणेचार. आदल्या रात्री इस्त्री आटपून मी साडेबाराला आडवी झालेले. परत झोप लागते का? दादा लॉबीत ट्रंकेवर बसून राहिले बिचारे, आणि दिवसभर सगळ्यांना सांगत होते की इथे वेळसुद्धा चोरीला जाते. (खरं तर एक तास जास्तीचा मिळाला होता, पण त्यांना कोण सांगणार.) त्या दिवसापासून घराशी फरक साडेचार तासांचा साडेपाच झाला, म्हणजे सहाला पॅकअप झालं तरी ठाण्यात साडेअकरा, मुलगा झोपलेला. नवऱ्याला सांगून ठेवलेलं की झोपलेला दाखव, तेवढाच.

आणि उजेड. त्या दिवसांत तिथे साडेचारच्या सुमाराला सूर्य गुल. आपल्याकडे त्याच तारखेला सहापर्यंत उन्हं असतात, आणि शेड्यूल बनवलेलं इथे अंधेरीच्या ऑफिसात बसून. मग साडेतीन वाजले की डायरेक्टर डीओपीवर (मुख्य कॅमेरामन), डीओपी एडीवर (असिस्टंट डायरेक्टर) आणि एडी आमच्यावर, कॉलरचं एक बटण तुटलं तरी जसं काय आमच्यामुळेच सूर्य मावळला.

हिरोचा एक निळा शर्ट होता, पावसाचा सीन, म्हणून एकाच शर्टाच्या सात कॉपी. सगळे कपडे कार्नेटवर नेलेले. कार्नेट म्हणजे कस्टमचा कागद, आपल्याकडे फिक्की या उद्योजकांच्या संघटनेतर्फे मिळतो, सामान ड्युटी न भरता न्यायचं आणि तेवढंच्या तेवढं परत आणायचं. सात शर्ट गेले की सातच परत आले पाहिजेत, दुपट्टा हरवला तरी विमानतळावर उत्तर आम्ही द्यायचं. तर सातही शर्ट भिजले आणि सकाळी सातही कडक हवे होते. हॉटेलची लाँड्री म्हणाली परवा मिळतील. मग दोन शर्ट शॉवरच्या दांडीवर, चार हीटरवर आलटून पालटून, सातव्यावर मी हेअर ड्रायर धरून बसलेली, हाताच्या आतल्या बाजूला तो तापून तापून लाल चट्टा उठलेला, आणि निळा रंग उतरून नखं निळी. रात्रीचे दोन. तेवढ्यात मैत्रिणींचा व्हिडिओ कॉल. नरक चतुर्दशी, इकडे सकाळचे साडेसात, त्या राम मारुती रोडवर, मागे ही गर्दी, ढोल, सगळ्या नटून थटून, दरवर्षी आम्ही तिथूनच तलावपाळीला जातो. एकजण ओरडली, अगं लंडन दाखव ना! मी कॅमेरा फिरवून शर्ट दाखवला. त्यांना वाटलं मी मस्करी करतेय.

आमची मिनीबस चालवणारा माणूस तिथला होता, पन्नाशीचा. साडेचार तास ड्रायव्हिंग झालं की पंचेचाळीस मिनिटांचा ब्रेक घ्यायचा हा तिकडे कायदाच आहे. एक दिवस त्याने शांतपणे गाडी बाजूला लावली, थर्मास काढला आणि चहा पीत बसला. आमचे प्रॉडक्शनवाले रस्त्यावर येरझारा घालतायत, फोनवर ओरडतायत, पण त्याला एक शब्द बोलायची टाप नाही कोणाची. तिथल्या कामगाराला एका दिवसाचं काम संपलं की दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग अकरा तास विश्रांती द्यावी लागते, म्हणून लोकल क्रू वेळ झाली की बाय करून घरी. उरलेलं काम कोण करणार, तर आपण. त्याच सेटवर, त्याच थंडीत. आमचे पासपोर्टसुद्धा पहिल्याच दिवशी गोळा करून घेतलेले, हरवाल म्हणून. पाळणाघरात टॉवेल जमा करतात ना तसं.

पण खरा मुद्दा पैशाचा आहे आणि तुमच्या लेखाचा राग त्यासाठीच आला. फॉरेन आउटडोअरला आम्हाला रेट कमी सांगतात. डबल काम, आणि रेट कमी! कारण विचारलं तर ठरलेलं उत्तर, अगं फॉरेन दाखवतोय ना तुला. म्हणजे लंडनचं आकाश आमच्या पगारातून कापतात. पर डायम, म्हणजे रोजच्या खाण्यापिण्याचा भत्ता, तोंडी ठरलेला, हातात पडला पाचव्या दिवशी, तोवर मी आईने दिलेल्या चकल्यांवर आणि दुकानातल्या गार सँडविचवर होते. प्रोड्यूसर लोक तिथे जातात ते काही आम्हाला फिरवायला नाही, ब्रिटनमध्ये 2024 पासून फिल्मच्या पात्र खर्चावर 34 टक्के टॅक्स क्रेडिट, म्हणजे सरकारकडून करात सवलत, मिळतं, अटी असतात पण मिळतं, आणि त्यात चूक काहीच नाही, धंदा आहे. मग माझाही धंदाच आहे ना? आणि लेखी मागणं म्हणजे नखरे नाहीत. आपल्याकडे 1981 सालच्या सिने कामगार कायद्यापासून लेखी कराराची अट आहे, 2020 च्या नव्या कामगार कोडमध्येही ऑडिओ व्हिज्युअल वर्करसाठी, म्हणजे आमच्यासारख्यांसाठी, ती आहे. माझ्या अकरा वर्षांत फॉरेन आउटडोअरचा करार मी डोळ्यांनी पाहिलेला नाही, व्हॉट्सॲपवर तिकीट येतं, बस.

चूक आमचीही आहे, नाही कशाला म्हणू. पहिल्या वेळी मीच हुरळून बिग बेनसमोरचा फोटो स्टेटसला ठेवला होता, तो पण लोकेशनवरून परतताना चालत्या बसमधून काढलेला, अर्ध्यात समोरच्याचं डोकं. सोसायटीतले अजून विचारतात, काय, परत फॉरेन कधी?

परत बोलावणं आलंय, त्याच लोकांकडून. या वेळी मी रेट, पर डायम, रोजचे तास, आणि पासपोर्ट माझ्याकडे राहील, असं सगळं टाइप करून पाठवलं आणि म्हटलं लेखी कळवा. नऊ दिवस झाले, दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही. म्हणून कृपा करून पत्राखाली माझं नाव छापू नका.

एक कॉस्च्युम असिस्टंट,
वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)