परदेशात वाढलेल्या नातींचा कोंडमारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नांदेड, छत्रपती संभाजीनगर येथे अभियांत्रिकी शिकून संगणकाच्या नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झालेल्यांच्या मुली आता विशी-पंचविशीत आहेत. घरी आज्ञाधारकपणाची अपेक्षा आणि शाळेत स्वतःचे मत मांडण्याचा आग्रह, अशा ओढाताणीत वाढलेली मुलगी सुटीत गावी आली, की ‘तिकडे बिघडली’ म्हणून तिची संभावना होते. समुपदेशक म्हणून मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो.

देश सोडताना पालकांनी जो मराठवाडा मनात नेला, तो त्यांच्यापुरता त्याच सालात थांबला आहे. इकडे परभणी-हिंगोलीच्या खेड्यांतील मुली लातूरला शिकवणीसाठी वसतिगृहात राहतात आणि त्यांना कोणी नावे ठेवत नाही. न्यू जर्सीतील मुलीने मात्र मैत्रिणीबरोबर वेगळे राहायचे म्हटले, की ‘आपल्यात असे चालत नाही’ असे तिला ऐकावे लागते. (बीड-जालन्यात बालविवाह अजून होतात, याचा मला विसर पडलेला नाही.)

तिकडच्या समुपदेशकांचेही कधीकधी चुकते. घरापासून वेगळे होणे हाच उपाय त्यांनी सुचवला, तर आईवडिलांना तोडायचे नसलेली मुलगी पुन्हा समुपदेशकाकडे फिरकत नाही. मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी स्थलांतरितांपुढच्या ज्या चार वाटा सांगितल्या, त्यांपैकी मूळची आणि नवी अशा दोन्ही संस्कृती सांभाळण्याची वाट बहुधा कमी ताणाची असते. ती मुलीला स्वतः शोधू द्यावी: कशात घरच्यांचे ऐकायचे, कशात ठाम राहायचे, लग्नाचा विषय आधी आत्याकडे काढायचा की थेट वडिलांकडे. मात्र मारहाण, पासपोर्ट काढून घेणे किंवा जबरदस्तीचे लग्न असेल, तर समजुतीची भाषा करू नये. अशा वेळी न्यू जर्सीतील ‘मानवी’ (१९८५) आणि न्यूयॉर्कमधील ‘सखी’ (१९८९) या दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीच्या संस्थांची मदत घ्यावी.

आजी-आजोबांचे वजन या घरांत मोठे असते. व्हिडिओ कॉलवर दरवेळी स्थळांचा विषय काढण्याऐवजी ‘इकडेही आता मुली एकट्या राहतात, तू तिला रागावू नकोस’ असे त्यांनी लेकाला सांगितले, तर त्याला ते पटण्याची शक्यता अधिक आहे. इथल्या कुटुंबांना याविषयी बोलायचे असल्यास ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत विनामूल्य बोलता येते. आपल्या पुरवणीत परदेशस्थांच्या यशोगाथा येतातच. हा क्रमांकही त्यांच्याशेजारी छापावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक समुपदेशिका, लातूर