कट एकट्या लेडी मॅकबेथचा नव्हे

रविवार पुरवणीतील शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ या नाटकावरील लेखात स्कॉटलंडचा राजा डंकन याच्या खुनाचे सारे खापर लेडी मॅकबेथवर फोडले आहे, ते पटत नाही. ‘तू राजा होशील’ हे चेटकिणींचे भाकीत कानावर पडताच, पत्नीला भेटण्याआधीच, डंकनचा सरदार मॅकबेथ याच्या मनात खुनाचा विचार येतो आणि त्या कल्पनेने त्याच्या अंगावर काटा उभा राहतो. पुढे तो कच खातो तेव्हा ती त्याला सुनावते, की ही गोष्ट माझ्यापाशी प्रथम काढलीत ती तुम्हीच. पहारेकऱ्यांना दारू पाजून झिंगवण्याची युक्ती तिची, हे खरे. पण त्यांचेच खंजीर वापरून त्यांना रक्ताने माखण्याची पुस्ती मॅकबेथ जोडतो. वारही तोच करतो. झोपलेल्या राजाच्या चेहऱ्यात तिला वडील दिसले आणि तिचा हात उठला नाही. हा तपशील लेखात यायलाच हवा होता. इतिहासातला डंकन तर 1040 मध्ये मॅकबेथशी झालेल्या लढाईत मारला गेला. शयनगृहातला विश्वासघात शेक्सपिअरने दुसऱ्याच एका स्कॉटिश राजाच्या हकिकतीवरून घेतला. निदान रंगभूमीवरील लेखनात तरी मूळ संहिता आधी नीट वाचली जावी, ही कळकळीची विनंती.

— एक नाट्यरसिक, सातारा