बाबा, इथल्या खेड्यात घर केवढ्याला जातं ते सांगते

ती. बाबा आणि आई, सा. न.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबांनी विचारलं की तिकडे खेड्यात घर केवढ्याला मिळतं, तेव्हा मी ड्युटीवर निघाले होते, आज सुट्टी आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या केअर होममध्ये एक आजी आहेत, नव्वदीच्या. त्यांचं घर इथून चार मैलांवरच्या खेड्यात, इंग्लंडमधल्या आमच्या या कॉट्सवोल्ड्स नावाच्या डोंगराळ भागातली घरं असतात तसंच, पिवळसर दगडाच्या भिंती, छपरावर कौलांऐवजी दगडाच्या पातळ फरश्या आणि दार इतकं बुटकं की बाबांना वाकूनच आत जावं लागेल. ते आता विकायला काढलंय, कारण इथे 23,250 पाउंडांच्या वर मालमत्ता असली की केअर होमचा खर्च आपला आपण करायचा, आणि मागे घरात नवरा-बायको किंवा साठीपुढचं कुणी नातेवाईक राहत नसेल तर राहतं घरसुद्धा त्यात धरतात.

किंमत लावलीय 4,75,000 पाउंड, म्हणजे आपले पाच कोटींच्या वर! शेतमजुराचं घर होतं हो ते. आजींनी 1996 मध्ये 68,000 ला घेतलेलं. आणि बाबा, हे कळलं कसं ते ऐकून तुमच्यातला तलाठी खूश होईल, इथे लँड रजिस्ट्रीत 1995 पासूनचे घरविक्रीचे भाव कुणालाही फुकट बघता येतात, रेडीरेकनरचा आकडा नाही, प्रत्यक्ष दिलेली रक्कम. मालकाचं नाव हवं असेल तर 7 पाउंड भरून उतारा काढायचा, आपला सातबाराच समजा.

गिऱ्हाईक लंडनचं आहे, शनिवार-रविवारपुरतं घर हवंय त्यांना. दुसरं घर म्हणून 5 टक्के जास्तीचा कर धरून स्टँप ड्युटीच 37,500 होते, तरी घेतायत. आजींची नात त्याच गावच्या शाळेत मदतनीस आहे, ती स्विंडनला भाड्याने राहते आणि रोज गाडीने येते. बँक साधारण पगाराच्या साडेचार पट कर्ज देते, तिचं ते या घराच्या पाव किमतीलाही पुरत नाही. नवीन घरं बांधावीत तर हा भाग 1966 पासून संरक्षित, परवानगी सहजी मिळत नाही. गाव सुंदर राहिलं हे खरंय गं आई, पण थंडीत संध्याकाळी तिथून जाताना निम्म्या खिडक्या अंधाऱ्या दिसतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

परवा आजींनी मला एजंटचं माहितीपत्रक वाचायला लावलं. तीन बेडरूम म्हटल्यावर मला थांबवलंच. फोटोतल्या कोपऱ्यातल्या खोलीवर बोट ठेवून म्हणाल्या, ही बेडरूम नाही, इथे आम्ही सफरचंदं ठेवायचो, पेपरात गुंडाळून, होळीपर्यंत टिकायची (त्या ईस्टर म्हणाल्या, मी आपलं होळी लिहिलं).

अजून करार झालेला नाही. इथे दोन्हीकडच्या वकिलांनी सह्यांचे कागद अदलाबदल करेपर्यंत कुणीही माघार घेऊ शकतं, आणि त्या गिऱ्हाइकाचंही आधीचं एक घर विकायचं अडलंय. आजी रोज सकाळी विचारतात, गेलं का घर? मी नाही म्हटलं की चहा घेतात.

बाबा, काकांना सांगा गावच्या घराच्या वाटणीची एवढी घाई नको, मी दिवाळीत येतेय, तेव्हा बसून बोलू. पावसाआधी माजघरावरची कौलं तेवढी परतून घ्या, पैसे मी या आठवड्यात पाठवते.

तुमची,
छकुली