झॅपाची हळवी बाजू राहूनच गेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीतला अमेरिकन रॉक संगीतकार आणि गिटारवादक फ्रँक झॅपावरचा लेख वाचला. आपल्याकडे त्याच्याबद्दल मराठीत कोण लिहितंय, त्यामुळे आधी थँक्यू. पण सगळा लेख त्याची टवाळी, चावट गाणी आणि सेन्सॉरशिपचं भांडण यातच संपला, शब्द बाजूला ठेवून नुसत्या वाद्यांवर त्याने जे केलंय त्यावर एक ओळ पण नाही, याचं खरंच वाईट वाटलं.

डिसेंबर १९७१ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये शो चालू असताना एका माणसाने त्याला स्टेजवरून खाली ढकललं. पाय मोडला, डोक्याला मार, घशाला तर असा मार बसला की आवाज कायमचा खाली उतरला, आणि पुढे कित्येक महिने व्हीलचेअर. त्या दिवसांत त्याने मोठ्या बँडसाठी लिहायला घेतलं, त्यातूनच १९७२ चा 'द ग्रँड वाझू' हा अल्बम आला आणि त्यात सगळ्यात शेवटी 'ब्लेसेड रिलीफ' आहे. आठ मिनिटं, तीन मात्रांची संथ लय, ट्रम्पेट, जॉर्ज ड्यूकचा इलेक्ट्रिक पियानो, कुणालाच कसली घाई नाही. इतकं सोसलेल्या माणसाच्या या सुरांत राग औषधालाही सापडत नाही हो!

आणि 'वॉटरमेलन इन ईस्टर हे', १९७९ च्या 'जोज गॅरेज' या अल्बममधलं. हा अल्बम एक गोष्ट सांगतो, त्या गोष्टीत संगीतावर बंदी आलीय आणि 'जो' नावाचा नायक मनातल्या मनात शेवटचं गिटार वाजवतोय. सुरुवातीला कुजबुजत निवेदन आहे, तेवढं होऊ द्या, मग गिटार सुरू होते. मी एका रात्री टेबलावर बोटं आपटत मात्रा मोजत बसलो, चारचा हिशोब करत होतो आणि दर वेळी चुकत होतो, शेवटी कळलं की चार अधिक पाच, नऊ मात्रा आहेत, पण चाल इतकी सरळ वाहते की मोजायला बसेपर्यंत त्याचा पत्ताच लागत नाही. मोजणं सोडून दिलं आणि परत पहिल्यापासून ऐकलं.

त्याची 'पीचेस एन रेगालिया' ही धून बऱ्याच जणांनी ऐकलेली असते, ती सोडा. 'स्लीप डर्ट' मात्र कुणी ऐकत नाही, दोन अकूस्टिक गिटार, बाकी काही नाही, आणि शेवटी वाजवता वाजवता एकदम थांबतात कारण साथीदाराची बोटं अडकली, ते बोलणं पण तसंच रेकॉर्डमध्ये ठेवलंय.

त्याच लेखकांना सांगून यावर अर्धं पान तरी द्याच, आणि सुरुवात 'ब्लेसेड रिलीफ' पासून करा. ज्यांना झॅपा म्हणजे नुसता गोंगाट वाटतो त्यांच्या घरात पण ते चालेल.

आपला नियमित वाचक,
पुणे