मंत्रिमहोदय, ते काँक्रीट किती ताप सोसेल एवढंच सांगा

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

अणुऊर्जेचा कारभार आपल्याकडे आहे म्हणून तारापूरच्या अणुभट्टीच्या काँक्रीटबद्दल हे पत्र आपल्याला लिहितो आहे. मी बोईसरचा. ३२ वर्षं काँक्रीट तपासणीच्या लॅबमध्ये क्यूब फोडण्यात गेली. साइटवरून १५ सेंटिमीटरचे ठोकळे यायचे, तीन सात दिवसांनी आणि तीन २८ दिवसांनी मशीनखाली ठेवायचे, काटा कुठे अडकला ते वहीत मांडायचं, सही करायची. इंजिनियरची पदवी नाही माझ्याकडे. पण ठोकळा हातात घेतला की पाणी जास्त पडलंय का, व्हायब्रेटर नीट फिरलाय का, हे मला कळतं.

परवा मंगळवारी माझ्या माहितीच्या अर्जावर एका सरकारी कार्यालयाचं पत्र आलं. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण सही करणारा बिचारा वरून आलेलं पुढे ढकलतो. मजकूर दोन ओळींचा: माहिती सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही, अर्ज निकाली काढला आहे. आठ महिन्यांपूर्वी भर सभेत, व्यासपीठावरून, स्पीकरवर, दोनशे माणसांसमोर मला शब्द दिला होता की, काका, महिन्याभरात तुमच्या प्रश्नाचं लेखी उत्तर घरपोच येईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या टाळ्यांची आता लाज वाटते.

मी नकाशे मागितले नव्हते. पहारा कुठे आणि दार कुठे, हे विचारलं नव्हतं. तारापूरच्या अणुभट्टीखालचं आणि तिच्या भोवतीचं काँक्रीट किती अंश तापमान किती तास सोसेल असं धरलं आहे, आणि १९६९ पासून उभ्या असलेल्या जुन्या काँक्रीटची ताकद आज किती आहे, एवढंच विचारलं होतं. दोन आकडे. ह्यात देशाची सुरक्षा कुठे आली?

हा प्रश्न मला का पडला ते सांगतो. माझा धाकटा मुलगा अग्निशमन दलात आहे. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका गोदामाला आग लागली. साडेतीन तास जळत होतं. तो आत शिरला तेव्हा ज्वाळा बऱ्याच खाली आल्या होत्या, पण वरचा स्लॅब फुटत होता. दिवाळीत माळ लावावी तसा आवाज, असं तो म्हणाला. स्लॅबच्या पोटातून काँक्रीटचे कवचे सुटून गोळीसारखे येत होते. एक कवचा हेल्मेटच्या काचेची कड फोडून आत गेला. डावा डोळा गेला. ३१ वर्षांचं पोर आहे ते. रात्री उठून बसतो आणि पंख्याच्या वर स्लॅबकडे बघत राहतो. त्याची आई दाराशी उभी राहते, काही बोलत नाही. डॉक्टर, औषधं, कचेऱ्यांच्या खेपा, ह्यातच आमचं वर्ष गेलं.

चौथ्या दिवशी मी हातोडी घेऊन त्या गोदामात गेलो. जिथे आग पोचली नव्हती तिथे ठोकलं की टण्ण आवाज यायचा. आगीच्या बाजूला बद्द. खडीभोवतीचा सिमेंटचा रंग गुलाबीसर झाला होता, म्हणजे तिथे ३०० अंशांच्या वर गेलं होतं. कव्हर, म्हणजे सळयांवरचा काँक्रीटचा थर, सुटून सळया उघड्या पडल्या होत्या, आणि नखाने कोरलं तर भुकटी निघत होती. स्लॅब कागदोपत्री चांगला होता, क्यूबचे आकडे मी स्वतः पाहिले. ३२ वर्षं मी थंड ठोकळे फोडले, साहेब. तापलेला एकही फोडला नव्हता.

लोकांना वाटतं काँक्रीट म्हणजे दगड. दगड नाही तो. त्याच्या पोटात पाणी असतं, आपणच कालवताना घातलेलं आणि गोणपाट ओलं ठेवून पाजलेलं. १०० अंशांच्या पुढे ते पाणी वाफ होऊ लागतं, आणि काँक्रीट जितकं दाट, जितकं भारी, तितकी वाफेला वाट कमी. मग ती कवच फोडूनच बाहेर पडते. ४०० ते ५०० अंशांत सिमेंटमधला चुना पाणी सोडतो, आणि आग विझवताना पाण्याचा फवारा बसला की तोच चुना पाणी पिऊन फुगतो आणि तडे पाडतो. ५७३ अंशांना गारगोटीचे कण रूप बदलून फुगतात. ६०० च्या आसपास निम्मी ताकद गेलेली असते. हे सगळं लाकूड, कापूस, पुठ्ठ्याच्या आगीत होतं.

अणुभट्टीत तर इंधन वितळलं की २,००० अंशांच्या पुढची गोष्ट. आणि भट्टी बंद केली म्हणजे विझली असं नाही. बंद केल्याच्या क्षणीसुद्धा तिची ६ ते ७ टक्के उष्णता निघतच असते. ती काढायला पाणी फिरवावं लागतं, आणि पाणी फिरवायला वीज. काँक्रीटला नेहमीच्या चालण्यात ६५ अंशांच्या वर तापू देऊ नका, काही ठिकाणीच ९३ पर्यंत चालेल, आणि अपघाताच्या थोड्या वेळासाठी पृष्ठभागाला १७७, असं अमेरिकेच्या नियमपुस्तकात आहे. ६५ आणि २,०००, हे दोन आकडे शेजारी लिहा आणि मग सांगा, ‘काँक्रीट जाडजूड आहे, घाबरू नका’ हे उत्तर होतं का.

फुकुशिमाचं उदाहरण दिलं की आमच्याकडचे साहेब चिडतात. चिडू द्या. तिथली एक नंबरची भट्टी १९७१ ची, म्हणजे तारापूरची धाकटी बहीण. दोन्ही उकळत्या पाण्याच्या, दोन्ही अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या. ११ मार्च २०११ ला भूकंप आणि त्सुनामीने वीज गेली आणि इंधन वितळून खाली पडलं. भट्टीचं भांडं ज्या गोल काँक्रीटच्या बैठकीवर उभं आहे तिच्या आत १२ वर्षांनी, २०२३ च्या मार्चमध्ये, यंत्रमानव पाठवला. त्याने काढलेली चित्रं मी मुलाच्या मोबाइलवर पाहिली. जवळजवळ सगळीकडे, खालच्या मीटरभर उंचीत, काँक्रीटच नाही. सळया तशाच उभ्या, आणि मधलं काँक्रीट गेलेलं. भिंतीची जाडी १.२ मीटर होती. त्या सळयांवर ४४० टनांचं भांडं आजही उभं आहे. ती चित्रं बघताना मला माझं गोदाम दिसलं. तीच उघडी सळई. मी मोबाइल उलटा ठेवला.

चेर्नोबिलला १९८६ मध्ये वितळलेला लगदा काँक्रीट खात खात तळघरात उतरला आणि थिजला. त्याच्या एका ढेकळाला हत्तीचा पाय म्हणतात. त्यात इंधनापेक्षा वाळू-काँक्रीटची वितळलेली काचच जास्त. म्हणजे काँक्रीट नुसतं अडवत नाही, तेही त्या रशात मिसळतं. वाफ सोडतं, आणि तापलेल्या धातूशी ती वाफ भिडली की हायड्रोजन होतो. खडी चुनखडीची असेल तर कार्बन डायऑक्साइडही भरपूर निघतो. आपल्याकडची खडी काळ्या पाषाणाची, तिचा वायू कमी. मग तारापूरच्या भट्टीखाली कुठली खडी आहे, हे विचारणं गुन्हा आहे का? ज्या लॅबमध्ये मी जन्म घालवला तिथे हा पहिला प्रश्न असतो: खडी कुठली?

मी वेड्यासारखं विचारत नाही, ह्याचा पुरावा तुमच्याच कागदांत आहे. तामिळनाडूतल्या कुडनकुलमच्या रशियन भट्टीखाली वितळलेलं इंधन झेलायचं भांडं मुद्दाम बसवलं आहे. जैतापूरला ज्या फ्रेंच भट्ट्या आणायच्या ठरल्या, त्यांच्यात आधी बळी द्यायच्या, म्हणजे लगद्याने खावा म्हणूनच ठेवलेल्या, काँक्रीटचा थर आणि मग १७० चौरस मीटर पसरट जागा, म्हणजे लगदा पसरून निवावा, अशी रचना आहे. नव्या भट्ट्यांना हा विचार लागतो, तर तो विचारच ज्या काळात नव्हता त्या काळातल्या भट्टीजवळ राहणाऱ्याने काय करावं? फुकुशिमानंतर तारापूरला बाहेरून पाणी सोडायच्या जोडण्या बसवल्या, हे वाचलं. चांगलं केलंत. पण पाणी पोचायला दोन तास उशीर झाला तर खालचं काँक्रीट काय करेल, हे कोणी सांगत नाही.

‘आपल्याकडे असं होत नाही’ हे वाक्य तर ऐकूच येऊ नये. उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याला ३१ मार्च १९९३ ला टर्बाइनचं पातं तुटून आग लागली आणि अणुकेंद्राची वीज कित्येक तास गेली. माणसांनी जिवावर उदार होऊन सांभाळलं. कर्नाटकातल्या कैगाला १९९४ च्या मे महिन्यात घुमटाच्या आतला थर सुटून शंभराहून जास्त टन काँक्रीट खाली आलं. तिथे आग नव्हती, इंधन भरलेलं नव्हतं, म्हणून आपण वाचलो. पण तेही अणुकेंद्राचंच काँक्रीट होतं. त्याचेही क्यूब कोणीतरी फोडले असतील, वहीत आकडे लिहिले असतील, सही केली असेल.

वहीत आकडा येतो, सही होते, आणि मग तो आकडा कपाटात जातो. २०१२ मध्ये कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, अणुऊर्जा नियामक मंडळाबद्दल लिहिलं की ज्याच्यावर देखरेख करायची त्याच्यापासून ते पुरेसं स्वतंत्र नाही. कॅग म्हणजे कोणी आंदोलक नव्हे. पुलाचं ऑडिट तसंच, शाळेच्या इमारतीचं तसंच. सावित्री नदीवरचा पूल २०१६ च्या ऑगस्टमध्ये रात्री वाहून गेला, तोपर्यंत कागदावर तो उभाच होता. डहाणू-तलासरीला २०१८ च्या नोव्हेंबरपासून जमीन हादरते आहे. माणसं थंडीत घराबाहेर झोपली. आम्ही विचारायला गेलो की आमचं विचारणंच संशयास्पद ठरतं. माझ्या मुलाच्या डोळ्याची फाइलही अशीच ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरते आहे. तोही सुरक्षेचा विषय आहे वाटतं.

आता मागणं. ते दोन आकडे द्या. जुन्या भट्ट्या २०२० पासून काही वर्षं दुरुस्तीसाठी बंद ठेवाव्या लागल्या, त्या काळात काँक्रीटचे कोअर, म्हणजे भोक पाडून काढलेले नमुने, तपासले असतील तर निकाल सांगा. तपासले नसतील तर तसं लिहा, मला तेही चालेल. भट्टीखाली खडी कुठली ते सांगा. आणि हे सगळं मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. १६ किलोमीटरच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना पळायची रंगीत तालीम करायला सांगता, मग पळायचं कशापासून तेही त्यांना कळू दे.

हेल्मेटमध्ये घुसलेला तो कवचा आमच्या देवघराशेजारच्या फळीवर ठेवला होता. तळहाताएवढा आहे, एका बाजूला गुलाबी, एका बाजूला सळईच्या खुणा. तो ह्या पत्रासोबत स्पीड पोस्टाने पाठवतो आहे. हाताळताना कडा जपा, धार आहे त्याला. बघून झाला की परत पाठवा. मुलगा म्हणतो, तो घरात नसला तर झोप लागेल. पण बायको म्हणते तो आपला आहे, परत यायला हवा.

आपला,
एक क्यूब टेस्टिंगवाला,
बोईसर, जि. पालघर