कार्यालयातल्या कपाटातील एका चित्रकथेविषयी: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: समलिंगी किशोरवयीन नायक असलेल्या चित्रकथा सार्वजनिक ग्रंथालयांच्या बालविभागात ठेवण्याबाबत

माननीय महोदय,

मी सोलापुरातील निवृत्त शिक्षिका असून शहरातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागात काही वर्षांपासून संध्याकाळी विनावेतन काम करते. राज्यातील सार्वजनिक ग्रंथालये आपल्या खात्याकडे असल्यामुळे हे पत्र आपल्या नावे लिहीत आहे. ज्या मुलामुळे ते लिहावेसे वाटले, त्याच्यासारखी मुले प्रत्येक जिल्ह्यात असणार, म्हणून ते उघडपणे लिहीत आहे. त्या मुलाची इयत्ता, शाळा किंवा वस्ती मी इथे सांगणार नाही.

आमच्या ग्रंथालयाला एका वाचकाकडून पुस्तकांचे एक खोके भेट मिळाले. त्यात ‘यंग अ‍ॅव्हेंजर्स’ ही किशोरवयीन महानायकांची इंग्रजी चित्रकथा होती. एका पालकाच्या तक्रारीनंतर तीच आज कार्यालयाच्या कपाटात आहे. हा मुलगा रोज येऊन ती शब्दकोश शेजारी ठेवून वाचत असे. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी तो खिडकीखाली भिंतीला टेकून बसे आणि कोणी जवळून गेले की पान उलटे. एके दिवशी त्याने एका शब्दावर बोट ठेवून विचारले, “बाई, ‘गे’ला मराठीत काय म्हणतात?” मी ‘समलिंगी’ असे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “म्हणजे ही शिवी नाही ना?” वर्गात त्याला ज्या नावाने हाक मारतात, ती मात्र शिवीच होती, हे मला नंतर कळले. त्या चित्रकथेतल्या नायकाविषयी त्याने आणखी एक प्रश्न विचारला होता, “बिली किती वर्षांचा असेल?”

तो प्रश्न माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. शाळेत असताना मी दरवर्षी 12 जानेवारीला मुलांना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी नेत असे. सोलापूरच्या 1930 सालच्या मार्शल लॉची हकीकत आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 1931 साली येरवड्यात दिलेल्या फाशीची हकीकत सांगून झाली की एखादे तरी मूल विचारायचेच, “बाई, ते किती वर्षांचे होते?” समोरच्या शूर माणसाच्या आणि आपल्या वयात अंतर किती, हे मुलांना जाणून घ्यायचे असते. त्या मुलालाही तेच हवे होते.

महोदय, या पुस्तकात आक्षेपार्ह काय आहे, याची कल्पना आपल्याला यावी म्हणून थोडे सांगते. लेखक अ‍ॅलन हाइनबर्ग आणि चित्रकार जिम चेउंग यांनी 2005 साली ही मालिका सुरू केली. तिच्यातला बिली कापलान हा शाळेतल्या दांडगाईचा त्रास सोसलेला मुलगा आहे. जे घडावेसे वाटते ते तो पुन्हापुन्हा उच्चारतो आणि ते घडते, हीच त्याची जादू. टेडी आल्टमन कोणतेही रूप घेऊ शकतो आणि लढताना हिरवा होतो. या दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे. एका प्रसंगात बिली आपण महानायक असल्याचे गुपित आईवडिलांना सांगायला जातो. पण तो आपल्या आणि टेडीच्या नात्याविषयीच बोलतो आहे असे समजून ते त्याचे वाक्य पुरे होण्याआधीच टेडीला घरातला मानून मोकळे होतात. माझ्या मते संपूर्ण पुस्तकातले सर्वांत हृद्य पान हेच आहे. आईवडिलांनी असे वागावे अशी इच्छा मनात धरून असलेल्या मुलाला ते पान किती वेळा वाचावेसे वाटेल, याची कल्पना आपण करू शकता. दोघांच्या पहिल्या चुंबनाचे चित्र छापले जायला 2012 साल उजाडले, आणि 2020 मध्ये त्यांचे लग्न झाले.

हे सगळे अमेरिकेतही सहज घडलेले नाही. तिथल्या प्रकाशकांनी 1954 मध्ये स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावलीमुळे चित्रकथांत समलिंगी पात्र दाखवता येत नव्हते, आणि ती अट 1989 मध्ये निघाली. त्यानंतर 1992 साली नॉर्थस्टार या महानायकाने आपण समलिंगी असल्याचे सांगितले. मात्र तो प्रौढ होता, शाळकरी नव्हता. पुढे सप्टेंबर 2019 मध्ये ब्राझीलमधील रिओ द जानेरोच्या महापौरांनी बिली आणि टेडीच्या चुंबनाचे चित्र असलेले पुस्तक पुस्तक मेळ्यातून काढून घेण्याचा प्रयत्न केला. तेव्हा ‘फोल्हा दे साओ पाउलो’ या वृत्तपत्राने तेच चित्र पहिल्या पानावर छापले आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई थांबवली.

या घटनेतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथली कारवाई उघडपणे झाली, म्हणून तिला आव्हान देता आले. आमच्याकडे एका पालकाने तोंडी तक्रार केली आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक बालविभागातून कार्यालयाच्या कपाटात गेले. त्याविषयी ना ठराव झाला, ना इतिवृत्तात नोंद झाली, ना कोणी सहीनिशी जबाबदारी घेतली. त्यामुळे दाद मागायची तरी कोणाकडे, हा प्रश्न आहे. तो मुलगा त्यानंतर दोनदा आला, रिकामी जागा पाहून काही न विचारता परत गेला आणि मग यायचाच थांबला. त्याने विचारले असते तर उत्तर काय द्यावे, हे मलाही ठाऊक नव्हते.

ज्या देशात सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 377 मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध वगळले, आणि ज्या देशाचा 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उपचार देताना लैंगिक कलावरून भेदभाव करू देत नाही, त्या देशात याच मुलांची एक निरुपद्रवी गोष्ट कुलपात राहावी, हे मला पटत नाही. वयाची काळजी रास्त आहे आणि ती मीही करते. बारा वर्षांवरील वाचकांसाठी अशी चिठ्ठी पुस्तकावर खुशाल लावावी, पण कपाटाला कुलूप नको.

म्हणून माझी विनंती अशी की, ग्रंथालय संचालनालयामार्फत सर्व जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना लेखी सूचना द्यावी: केवळ समलिंगी पात्र आहे या कारणावरून कोणतेही पुस्तक बालविभागातून हलवू नये, आणि अन्य कारणाने हलवायचे झाल्यास तक्रार लेखी घ्यावी, कार्यकारी मंडळाने सकारण ठराव करावा व तो सूचनाफलकावर लावावा. दुसरे असे की, शासनमान्य ग्रंथांच्या यादीत किशोरांसाठी अशी पुस्तके यावीत आणि ती मराठीत असावीत. आमच्या बालविभागातली मुले घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलतात आणि शाळेत मराठी शिकतात. शब्दकोश घेऊन इंग्रजी वाचण्याची चिकाटी सगळ्यांकडे नसते. साहित्य आणि संस्कृती मंडळाने अनुवादाचा विचार करावा, आणि आपल्या लेखकांनी सोलापूरच्या गल्लीतला असा एखादा नायक मराठीतच लिहावा, यासाठीही शासनाने साहाय्य करावे.

ती चित्रकथा आजही कार्यालयाच्या कपाटात आहे. बालविभागात खिडकीजवळच्या मांडणीवरची तिची जागा मी भरलेली नाही. आपली लेखी सूचना हाती आली की त्याच दिवशी ती तिथे परत ठेवता येईल.

आपली विश्वासू,
बालविभागातील एक निवृत्त शिक्षिका
सोलापूर